गिटहब सीएलआय चुकीचं लॉगिन दाखवतंय? खरं खातं आणि खरा बिघाड असा शोधा

गिटहब सीएलआय, म्हणजे टर्मिनलातून गिटहब वापरायचा 'जीएच' हा प्रोग्रॅम. त्यात 'जीएच ऑथ स्टेटस' दिलं, हिरवी टिक आली, नाव ऑफिसच्या खात्याचं दिसलं, आणि पुश मात्र वैयक्तिक खात्यावरून गेलं. किंवा उलट: कालपर्यंत नीट चाललेलं टोकन (पासवर्डऐवजी वापरली जाणारी गुप्त किल्ली) आज लाल फुलीसह 'इनव्हॅलिड' दिसतंय आणि ब्राउझरात तर सगळं सुरळीत आहे. दोन्ही वेळा बहुतेक जण एकच करतात, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन. त्याने कधी काम भागतं, बऱ्याचदा मूळ कारण तसंच राहतं, आणि एका प्रकारात तर प्रत्येक नव्या लॉगिनमुळे तुमच्याच दुसऱ्या मशीनवरचं लॉगिन तुटतं. म्हणून आधी कारण शोधायचं, मगच हात लावायचा.

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलात त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची, म्हणजे टर्मिनलातून प्रोग्रॅमना आपोआप मिळणाऱ्या किंमतींची नावं (जीएच_टोकन, गिटहब_टोकन वगैरे) मात्र पूर्ण कॅपिटलमध्ये. वर्णन आवृत्ती २.४० आणि पुढच्यांचं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून एकाच होस्टवर (गिटहब.कॉम किंवा कंपनीचा स्वतःचा गिटहब सर्व्हर) एकापेक्षा जास्त खाती ठेवता येऊ लागली आणि स्टेटसचं रूपही बदललं.

आवृत्ती आधी बघाच:

जीएच --व्हर्जन
व्हिच -ए जीएच

उबुंटू २२.०४ च्या स्वतःच्या रेपॉझिटरीतून घेतलेलं जीएच २.४.० आहे, डेबियन १२ मधलं २.२३.०, उबुंटू २४.०४ मधलं २.४५.०. दुसऱ्या कमांडने एकाऐवजी दोन पाथ दाखवले, म्हणजे एक 'ॲप्ट'ने आलेलं आणि एक होमब्रूने, तर तिथेच उत्तर असू शकतं. नवीन जीएच टोकन सिस्टिमच्या किरिंगमध्ये, म्हणजे पासवर्ड जपणाऱ्या सुरक्षित साठवणीत ठेवतं. २.४.० ला किरिंग माहीतच नाही, ते फक्त फाइलीत बघतं, टोकन सापडत नाही आणि 'लॉगिन केलेलं नाही' असं सांगतं. दोन्ही आपापल्या परीने बरोबरच असतात. जुनं काढून टाका, टर्मिनल नवं उघडा. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरत असाल तर विंडोजमधलं जीएच आणि लिनक्समधलं जीएच ही दोन वेगळी इन्स्टॉलेशन आहेत, दोघांची लॉगिनंही वेगळी.

स्टेटसमधलं नाव कुठून येतं

बहुतेक गोंधळाचं मूळ इथे आहे. टोकन किरिंगमध्ये किंवा फाइलीत साठवलेलं असेल तर स्टेटस खातेदाराचं नाव सर्व्हरला विचारत नाही. ते नाव 'होस्ट्स.वायएमएल' या स्थानिक फाइलीतून उचललं जातं. सर्व्हरकडे जाऊन फक्त दोनच गोष्टी पाहिल्या जातात: हे टोकन चालतं का, आणि त्याला कोणते स्कोप, म्हणजे परवानग्या आहेत. फाइलीतलं नाव आणि टोकनाचा खरा मालक जुळतात का, हे तपासलं जात नाही.

त्यामुळे गिटहबच्या वेबसाइटवर तुम्ही युजरनेम बदललंत तर टोकन चालू राहतं आणि स्टेटस जुनंच नाव हिरव्या टिकसह दाखवत राहतं. कुणी ती फाइल हाताने बदलली, किंवा दुसऱ्या मशीनवरून डॉटफाइल्ससोबत (होम फोल्डरातल्या सेटिंगच्या फाइली) उचलून आणली, तरी तेच.

खरं नाव सर्व्हरकडूनच घ्यायचं:

जीएच एपीआय युजर --जेक्यू .लॉगिन

ही कमांड टोकन घेऊन सर्व्हरकडे जाते आणि टोकन ज्याचं त्याचं नाव आणते. कुठलाही संशय आला की पहिली हीच चालवायची. नाव आलं तर टोकन जिवंत आहे आणि ते कुणाचं तेही कळलं. '४०१ बॅड क्रेडेन्शियल्स' आलं तर टोकन खरंच मेलेलं आहे. होस्ट सापडत नाही किंवा सर्टिफिकेटबद्दल काही आलं तर टोकनाचा दोष नाही, नेटवर्ककडे बघा.

एक अपवाद लक्षात असू द्या. गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबवर आपोआप चालणारी कामं) आपोआप मिळणारं टोकन कुणा माणसाचं नसतं. तिथे ही कमांड '४०३, रिसोर्स नॉट ॲक्सेसिबल बाय इंटिग्रेशन' म्हणते, आणि ते तिथे अपेक्षितच आहे. ॲक्शन्समध्ये 'जीएच रेपो व्ह्यू'सारखं ज्या रेपोवर काम आहे त्यावरचंच काहीतरी चालवून पाहा.

नाव बदलल्यामुळे फरक पडला असेल तर नव्याने लॉगिन करा, म्हणजे नवीन नावाची नोंद तयार होईल. जुनी नोंद मात्र यादीत तशीच राहते, ती 'जीएच ऑथ लॉगआउट -यू' आणि पुढे जुनं नाव देऊन काढा.

कंसातला शब्द वाचा

स्टेटसची एक नोंद साधारण अशी दिसते:

गिटहब.कॉम
✓ लॉग्ड इन टू गिटहब.कॉम अकाउंट ऑक्टोकॅट (किरिंग)
- ॲक्टिव्ह अकाउंट: ट्रू
- गिट ऑपरेशन्स प्रोटोकॉल: एचटीटीपीएस
- टोकन: जीएचओ_
- टोकन स्कोप्स: 'गिस्ट', 'रीड:ऑर्ग', 'रेपो'

लोक टिक बघतात, नाव बघतात आणि थांबतात. खरी माहिती कंसात आहे, कारण टोकन कुठून उचललं ते तिथे लिहिलेलं असतं. तिथे 'किरिंग' असेल तर सिस्टिमची सुरक्षित साठवण, फाइलीचा पूर्ण पाथ असेल तर टोकन साध्या मजकुरात 'होस्ट्स.वायएमएल'मध्ये पडलंय, 'जीएच_टोकन' किंवा 'गिटहब_टोकन' असेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, आणि 'डिफॉल्ट' असेल तर टोकन कुठेच सापडलेलं नाही. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

दुसरी महत्त्वाची ओळ 'ॲक्टिव्ह अकाउंट'. यादीत तीन खाती असली तरी एका होस्टवर एका वेळी एकच ट्रू असतं. ऑफिसच्या खात्यापुढे हिरवी टिक आहे पण खाली 'फॉल्स' आहे, हे घाईत नजरेतून हमखास सुटतं.

टोकनाची सुरुवातही बोलकी आहे. 'जीएचओ_' म्हणजे ब्राउझरमधून लॉगिन करून मिळालेलं, 'जीएचपी_' म्हणजे सेटिंग्जमधून हाताने बनवलेलं क्लासिक पर्सनल ॲक्सेस टोकन, 'गिटहब_पॅट_' म्हणजे फाइन-ग्रेन्ड टोकन, 'जीएचएस_' म्हणजे ॲपचं किंवा ॲक्शन्सचं. तुम्ही ब्राउझरातून लॉगिन केलं होतंत आणि इथे 'जीएचपी_' दिसतंय, तर दुसरंच कुठलं तरी टोकन मध्ये घुसलेलं आहे. फाइन-ग्रेन्ड टोकनाला स्कोपच नसतात, परवानग्यांची पद्धत वेगळी असते. तिथे स्कोपची ओळ आली नाही म्हणून घाबरू नका.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल: सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण

गिटहब.कॉमसाठी जीएच टोकन या क्रमाने शोधतं: आधी जीएच_टोकन, मग गिटहब_टोकन, मग फाइल, शेवटी किरिंग. पहिल्या ठिकाणी काही सापडलं की पुढे बघितलंच जात नाही. ते टोकन मुदत संपलेलं असलं तरी किरिंगमधल्या चांगल्या टोकनाकडे वळणं नाही, सरळ 'फेल्ड टू लॉग इन'. त्या ओळीत खात्याचं नावही येत नाही, 'युझिंग टोकन (जीएच_टोकन)' एवढंच येतं, कारण एन्व्हायर्नमेंटमधल्या टोकनाचं नाव सर्व्हरला विचारावं लागतं आणि सर्व्हरने दार बंद केलेलं असतं.

हे व्हेरिएबल असताना 'जीएच ऑथ लॉगिन' आणि 'जीएच ऑथ स्विच' दोन्ही अडतात. एन्व्हायर्नमेंटमधली किंमत वापरली जात आहे, आधी ती काढा, असा निरोप येतो. तो वाचला की निम्मं काम होतं.

व्हेरिएबल आहे का ते पाहताना किंमत स्क्रीनवर येऊ देऊ नका, विशेषतः मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करत असाल तर. फक्त नावं अशी मिळतात:

एन्व्ह | ग्रेप -आय टोकन | कट -डी= -एफ१

पॉवरशेलमध्ये:

गेट-चाइल्डआयटम एन्व्ह:*टोकन* | सिलेक्ट-ऑब्जेक्ट नेम

ते व्हेरिएबलच दोषी आहे याची खात्री काहीही न बदलता करता येते:

एन्व्ह -यू जीएच_टोकन -यू गिटहब_टोकन जीएच ऑथ स्टेटस

दोन्ही नावं द्यायची. एकच काढलं तर दुसरं वर येतं आणि आपण गोल फिरत बसतो. या कमांडने स्टेटस बरोबर आलं तर शोध संपला, आता फक्त ते कुठे सेट होतंय ते बघायचं. जागा ठरलेल्या आहेत: होम फोल्डरातल्या झेडशेलच्या किंवा बॅशच्या आरसी आणि प्रोफाइल फाइली, प्रोजेक्टच्या फोल्डरातली डिरेन्व्हची (फोल्डरात शिरताच व्हेरिएबल्स लावणारं साधन) '.एन्व्हआरसी', डेव्हकंटेनरची कॉन्फिगरेशन, विंडोजवर सिस्टिम प्रॉपर्टीजमधली युजर व्हेरिएबल्स. गिटहब कोडस्पेसेसमध्ये गिटहब_टोकन आपोआप सेट असतं आणि त्याला मुख्यतः त्याच रेपोपुरत्या परवानग्या असतात. तिथून दुसऱ्या खासगी रेपोकडे जाताना अडलात तर कारण हे.

एखाद्याच फोल्डरात गेल्यावर लॉगिन बदलतं आणि बाहेर आलं की ठीक होतं, हे डिरेन्व्हचं ठळक लक्षण.

ओळ काढली तरी जुनी किंमत दिसते, याची दोन कारणं. व्हीएस कोडचं टर्मिनल व्हीएस कोड ज्या एन्व्हायर्नमेंटमधून सुरू झाला ती धरून ठेवतं, त्यामुळे फक्त टर्मिनलची टॅब बंद करून चालत नाही, पूर्ण प्रोग्रॅम बंद करा. एका टर्मिनलात अनेक खिडक्या चालवणाऱ्या टीमक्सचंही तसंच. त्याचा सर्व्हर सुरू झाला तेव्हाची किंमत तो नव्या खिडक्यांना देत राहतो. 'टीमक्स शो-एन्व्हायर्नमेंट -जी' ने दिसते, 'टीमक्स सेट-एन्व्हायर्नमेंट -जीयू जीएच_टोकन' ने जाते.

कंपनीचा स्वतःचा गिटहब एंटरप्राइझ सर्व्हर असेल तर वरची दोन्ही व्हेरिएबल्स त्याला लागू होत नाहीत. त्यासाठी जीएच_एंटरप्राइझ_टोकन आणि गिटहब_एंटरप्राइझ_टोकन आहेत. जीएच_टोकनमध्ये एंटरप्राइझचं टोकन भरलं तर ते गिटहब.कॉमला पाठवलं जातं, तिथे ते अर्थातच चालत नाही, आणि एंटरप्राइझचं लॉगिनही होत नाही.

'डिफॉल्ट' दिसतंय, म्हणजे किरिंग उघडत नाही

'द टोकन इन डिफॉल्ट इज इनव्हॅलिड' हा निरोप दिशाभूल करतो. टोकन अवैध नसतं, ते हाती लागलेलं नसतं. फाइलीत खात्याचं नाव आहे, म्हणून नाव दिसतं. टोकन किरिंगमध्ये आहे आणि किरिंग बंद आहे.

हे कुठे होतं? मॅकवर एसएसएच करून आलात तर तिथल्या सेशनमध्ये किचेन लॉक असते. 'सिक्युरिटी अनलॉक-किचेन' देऊन मॅकचा पासवर्ड दिला की टोकन दिसायला लागतं. लिनक्सवर किरिंग म्हणजे ग्नोम किरिंग किंवा केवॉलेट, आणि त्यांच्याशी बोलणं डी-बस या प्रोग्रॅमांमधल्या निरोप-व्यवस्थेतून होतं. ग्राफिकल लॉगिन नसलेल्या सर्व्हरवर किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालणाऱ्या कामाला ती वाटच नसते.

डॉकरमध्ये तर हे नेमकं समजून घ्यायला हवं. होम फोल्डरातला '.कॉन्फिग/जीएच' कंटेनरमध्ये माउंट केला की लॉगिनही आलं, असं वाटतं. येते फक्त 'होस्ट्स.वायएमएल' फाइल, म्हणजे नाव आणि प्रोटोकॉल. टोकन बाहेरच्या मशीनच्या किरिंगमध्येच राहिलं. माउंट काढा आणि कंटेनर सुरू करताना टोकन व्हेरिएबलमधून द्या:

डॉकर रन -ई जीएच_टोकन="$(जीएच ऑथ टोकन)" ...

'जीएच ऑथ टोकन' सक्रिय खात्याचं टोकन छापतं. ते वैध आहे की नाही हे बघत नाही, जे साठवलंय ते देतं. हे पुढे स्क्रिप्टमध्येही लक्षात ठेवायचं आहे.

किरिंग मिळतच नसेल अशा सर्व्हरवर 'जीएच ऑथ लॉगिन --इनसिक्युअर-स्टोरेज' आहे. टोकन साध्या मजकुरात फाइलीत जातं. त्या मशीनवर रूट अधिकार कुणाकुणाकडे आहेत याचा विचार करून मगच वापरा. सामायिक सर्व्हरवर त्यापेक्षा एखाद-दुसऱ्या रेपोपुरतं, मुदत घातलेलं फाइन-ग्रेन्ड टोकन बरं.

आणि सुडो. 'सुडो जीएच' चालवलं की होम फोल्डर रूटचं होऊ शकतं, तिथे काहीच लॉगिन नसतं, 'यू आर नॉट लॉग्ड इन्टू एनी गिटहब होस्ट्स' येतं. जीएचला सुडोची गरज नसते. कधी सुडोने लॉगिन केलं गेलं असेल तर तुमच्याच फोल्डरातली फाइल रूटच्या मालकीची झालेली असू शकते आणि मग साध्या वापरात 'परमिशन डिनाइड' येतं. 'एलएस -एल'ने मालक बघा, 'चोन'ने परत स्वतःच्या नावावर करा.

टोकन चांगलं, नेटवर्क वाईट

स्टेटस तपासताना सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही तर काय दाखवायचं? जीएच यात एकच भेद करतं. टाइमआउट झाला तर तसं स्पष्ट लिहितं. बाकी कुठलीही अडचण आली, डीएनएस फसलं, प्रॉक्सीने अडवलं, सर्टिफिकेट पटलं नाही, तरी निरोप एकच: 'टोकन इज इनव्हॅलिड', आणि खाली पुन्हा लॉगिन करायचा सल्ला. तो सल्ला ऐकून चांगलं टोकन फेकून देणं ही सर्वांत वाया जाणारी मेहनत आहे.

खरं काय घडलं ते असं दिसतं:

जीएच_डीबग=एपीआय जीएच ऑथ स्टेटस

यात पाठवलेली विनंती आणि आलेलं उत्तर उलगडून येतं. '४०१' दिसलं तर टोकन मेलं. उत्तरच नाही आणि 'एक्स५०९' असं काही आलं तर सर्टिफिकेट. कंपनीच्या नेटवर्कवर मध्ये बसून ट्रॅफिक तपासणारी प्रॉक्सी असते, तिचं रूट सर्टिफिकेट सिस्टिमच्या विश्वासू यादीत नसेल तर हेच होतं. ते आयटी विभागाकडून घेऊन सिस्टिममध्ये बसवावं लागतं. प्रॉक्सी वापरायचीच असेल तर एचटीटीपीएस_प्रॉक्सी व्हेरिएबल सेट आहे ना ते पाहा.

मशीनचं घड्याळ चुकलं तरी सर्टिफिकेट 'अजून सुरू झालेलं नाही' किंवा 'मुदत संपलेलं' वाटतं. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर डब्ल्यूएसएलमधलं किंवा व्हर्च्युअल मशीनमधलं घड्याळ मागे राहिलेलं असू शकतं. 'डेट' देऊन एकदा बघायला दोन सेकंद लागतात.

टोकन खरंच मरतं तेव्हा

'४०१' पक्कं झालं असेल तर ते का मेलं हे शोधल्याशिवाय नवं बनवू नका, नाहीतर तेही जाईल.

गिटहबचा एक नियम फार थोड्यांना ठाऊक असतो: एक वापरकर्ता, एक ॲप आणि स्कोपचा एकच संच, एवढ्यासाठी जास्तीत जास्त १० टोकनं जिवंत राहतात. अकरावं मिळालं की सर्वांत जुनं रद्द होतं. गिटहब सीएलआय हे गिटहबच्या दृष्टीने एकच ॲप आहे. म्हणजे तुम्ही लॅपटॉपवर लॉगिन केलंत आणि मग दर नव्या व्हर्च्युअल मशीनवर, दर नव्या कंटेनरमध्ये ब्राउझरातून लॉगिन करत गेलात, तर दहाच्या पुढे गेल्यावर लॅपटॉपचं लॉगिन गुपचूप तुटतं. तुम्ही लॅपटॉपवर पुन्हा लॉगिन करता, आणि आता दुसरं कुठलं तरी मशीन बाहेर फेकलं जातं. ओळखायची खूण अशी की जिथे लॉगिन सर्वांत जुनं तिथलंच आधी जातं, आणि ते गेलं त्या सुमारास दुसरीकडे नवं लॉगिन झालेलं असतं. उपाय एकच: तात्पुरत्या मशीनवर ब्राउझर लॉगिन बंद करा, तिथे व्हेरिएबलमधून टोकन द्या.

बाकीची कारणं लवकर सांगून होतात. एक वर्षभर न वापरलेलं टोकन गिटहब आपोआप रद्द करतं. सार्वजनिक रेपोत किंवा गिस्टमध्ये टोकन चुकून कमिट झालं तरी ते रद्द केलं जातं. हाताने बनवलेल्या टोकनाची मुदत संपते. आणि सेटिंग्जमधल्या ऑथराइज्ड ओऑथ ॲप्समध्ये जाऊन गिटहब सीएलआयचा प्रवेश 'रिव्होक' केला की सगळ्या मशीनवरची टोकनं एकदम जातात.

हेही उलट बाजूने समजून घ्या: 'जीएच ऑथ लॉगआउट' टोकन रद्द करत नाही, या मशीनवरून पुसतं एवढंच. लॅपटॉप हरवला किंवा कंपनीला परत दिला तर लॉगआउटवर विसंबू नका, वेबसाइटवरूनच रिव्होक करा.

जीएच बरोबर आहे, पण पुश दुसऱ्याच खात्याने जातो

एका मशीनवर गिटहबच्या संदर्भात तुमची ओळख तीन जागी असते आणि तिघींचा एकमेकींशी आपोआप काही संबंध नसतो. जीएचचं टोकन, गिट पुश करताना वापरतं ते क्रेडेन्शियल किंवा एसएसएच की, आणि कमिटवर छापलेलं नाव-ईमेल. स्टेटस फक्त पहिलीबद्दल बोलतं.

रिमोट एसएसएचचा असेल ('गिट रिमोट -व्ही'ने कळतं) तर जीएचमध्ये खातं कितीही बदला, पुशवर परिणाम नाही. की कुणाची ते असं विचारा (यातलं 'टी' मात्र कॅपिटल):

एसएसएच -टी गिट@गिटहब.कॉम

'हाय' आणि पुढे खात्याचं नाव येतं. शेल ॲक्सेस देत नाही असंही सोबत येतं आणि एक्झिट कोड १ असतो, तरी लॉगिन यशस्वी आहे. नाव चुकीचं असेल तर एसएसएचच्या कॉन्फिग फाइलीत दोन खात्यांसाठी दोन होस्ट टोपणनावं करा, प्रत्येकाला स्वतःची आयडेंटिटीफाइल द्या आणि 'आयडेंटिटीजओन्ली येस' ही ओळ विसरू नका. ती नसेल तर एजंटमधली पहिली चालणारी की पुढे केली जाते आणि गिटहब तिच्या मालकाला ओळखतं.

रिमोट एचटीटीपीएसचा असेल तर कोणते क्रेडेन्शियल हेल्पर (गिटला युजरनेम-पासवर्ड पुरवणारे छोटे प्रोग्रॅम) रांगेत आहेत ते बघा:

गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल क्रेडेन्शियल.हेल्पर

मॅकवर 'ओएसएक्सकिचेन', विंडोजवर 'मॅनेजर' हटकून सापडतो. गिट हेल्परना क्रमाने विचारतं आणि पहिल्याने पूर्ण उत्तर दिलं की थांबतं. किचेनमध्ये जुन्या खात्याचं टोकन असेल तर जीएचची पाळीच येत नाही. 'जीएच ऑथ सेटअप-गिट' चालवलं की गिटहब.कॉमसाठी कॉन्फिगमध्ये आधी एक रिकामी हेल्पर ओळ लिहिली जाते आणि तिच्याखाली जीएचचा हेल्पर. ती रिकामी ओळ निरुपयोगी वाटते म्हणून कुणी पुसतं आणि सगळं पुन्हा बिघडतं. आधीची रांग रद्द करणं हेच तिचं काम आहे, तिला राहू द्या.

शेवटी गिटच्या हाती काय पडतंय हे पाहायला 'गिट क्रेडेन्शियल फिल' द्या, मग 'प्रोटोकॉल=एचटीटीपीएस', पुढच्या ओळीवर 'होस्ट=गिटहब.कॉम', आणि एक रिकामी ओळ. युजरनेम येईल. पासवर्डच्या जागी टोकन उघडं छापलं जातं, तेव्हा आजूबाजूला बघून करा.

रिमोटच्या पत्त्यातच 'नाव@गिटहब.कॉम' असं नाव घातलेलं असेल आणि जीएचमध्ये दुसरं खातं सक्रिय असेल तर जीएचचा हेल्पर गप्प बसतो आणि गिट पासवर्ड मागतं. खात्याचा पासवर्ड तिथे देऊन उपयोग नाही, १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब तो घेतच नाही. पत्त्यातलं नाव काढा किंवा 'जीएच ऑथ स्विच -यू' देऊन ते खातं सक्रिय करा. हे स्विच होस्टभर लागू होतं, फोल्डरपुरतं नाही. एका टर्मिनलात बदललं की सगळ्या टर्मिनलांत बदललं.

चुकीच्या खात्याने खासगी रेपोकडे गेलात तर 'परवानगी नाही' असं उत्तर येईलच असं नाही. गिटहब 'रिपॉझिटरी नॉट फाउंड' म्हणतं, म्हणजे रेपो अस्तित्वात आहे हेही उघड होत नाही. रेपो उडाला समजून धावपळ करण्याआधी खातं तपासा.

कमिटवर चुकीचा फोटो दिसतोय ही तक्रार लॉगिनची नाहीच. तो 'युजर.ईमेल'वरून ठरतो. 'गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन युजर.ईमेल' बघा आणि ऑफिसच्या फोल्डरासाठी 'इन्क्लूडइफ' वापरून वेगळा ईमेल लावा.

हिरवी टिक आहे, तरी काम होत नाही

टोकन जिवंत आहे पण अधिकार अपुरे आहेत. ब्राउझर लॉगिनमध्ये किमान 'रेपो', 'रीड:ऑर्ग' आणि 'गिस्ट' मिळतात. प्रोजेक्ट बोर्डसाठी वेगळा लागतो: 'जीएच ऑथ रिफ्रेश -एस प्रोजेक्ट'. संस्थेने एसएएमएल सिंगल साइन-ऑन (संस्थेच्या स्वतःच्या लॉगिनमधून प्रवेश) लावलं असेल तर हाताने बनवलेलं क्लासिक टोकन त्या संस्थेसाठी सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळं ऑथराइज करावं लागतं. स्टेटसला यातलं काही दिसत नाही.

नव्याने लॉगिन करायचंच असेल तर

व्हेरिएबल्स काढलेली आहेत याची खात्री करा. मग:

जीएच ऑथ लॉगिन --होस्टनेम गिटहब.कॉम --वेब

टर्मिनल आठ अक्षरांचा कोड देतं, मध्ये एक आडवी रेघ असते. तो गिटहबच्या 'लॉगिन/डिव्हाइस' पानावर भरायचा, १५ मिनिटांच्या आत. इथे एक सापळा आहे. टोकन कुणाचं मिळणार हे टर्मिनल ठरवत नाही, ब्राउझर ठरवतो. डिफॉल्ट ब्राउझरात वैयक्तिक खातं उघडं असेल आणि तुम्ही घाईने 'ऑथराइज' दाबलं, तर ऑफिसच्या कामासाठी केलेलं लॉगिन वैयक्तिक खात्याचं होतं. उघडलेली खिडकी सोडून द्या, प्रायव्हेट विंडोत योग्य खात्याने लॉगिन करा आणि पत्ता व कोड तिथे भरा. ऑथराइज करण्याआधी पानावरचं नाव वाचा. परत टर्मिनलात आल्यावर 'जीएच एपीआय युजर'.

स्क्रिप्टमध्ये स्टेटसवर विसंबताना

'जीएच ऑथ स्टेटस' यशस्वी तर ० आणि अडचण असेल तर १ परत देतं. पण 'अडचण' म्हणजे कुठल्याही होस्टवरच्या कुठल्याही खात्याची. जुन्या कंपनीच्या एंटरप्राइझ सर्व्हरची मेलेली नोंद यादीत पडून असेल तर गिटहब.कॉमचं खातं ठणठणीत असूनही स्क्रिप्ट 'लॉगिन नाही' म्हणून थांबते. मेलेल्या नोंदी काढा आणि स्क्रिप्टमध्ये नेमकं विचारा:

जीएच ऑथ स्टेटस --ॲक्टिव्ह --होस्टनेम गिटहब.कॉम

'--ॲक्टिव्ह' २.४० मध्ये नव्हतं, नंतरच्या आवृत्तींत आलं. अलीकडच्या आवृत्तींत '--जेसन'ही आलं आहे. ते वापरलंत तर टोकन मेलेलं असलं तरी एक्झिट कोड ० येतो, त्यामुळे आतली स्थिती वाचूनच निर्णय घ्यायचा. जिथे खातं कुणाचं हेच महत्त्वाचं आहे, उदाहरणार्थ रिलीज बनवणारी स्क्रिप्ट, तिथे स्टेटस सोडा. 'जीएच एपीआय युजर --जेक्यू .लॉगिन'चं उत्तर अपेक्षित नावाशी ताडून पाहा आणि जुळलं नाही तर तिथेच थांबवा. क्रॉनमधून चालणार असेल तर टोकन फक्त मालकाला वाचता येईल अशा, ६०० परवानगीच्या फाइलीत ठेवा आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला जीएच_टोकनमध्ये भरा.